पडझडीची वर्गणी

तारनाका म्हटलं की हैदराबादकराला उस्मानिया विद्यापीठ आठवतं, चौकातली कोंडी आठवते आणि आता डोक्यावरून जाणारी मेट्रो. मराठवाड्याच्या माणसाला तारनाक्याला काम पडतं ते कागदाचं. तेलंगण राज्याचं अभिलेखागार इथं आहे. मोगलांच्या दख्खन सुभ्यातले दीड लाखाहून अधिक फारसी कागद, निजामाच्या कारभाराच्या उर्दू फायली आणि १९४८ ते १९५६ या आठ वर्षांत आधी लष्करी, मग नेमलेल्या आणि शेवटी निवडून आलेल्या सरकारांनी मागे ठेवलेलं दप्तर. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेले, पण त्यांच्या जुन्या कारभाराचा बराच भाग कागदाच्या रूपानं हैदराबादेतच राहिला. म्हणून तर कुणबी नोंदी शोधणारी न्या. शिंदे समिती २०२३ साली हैदराबादला येऊन गेली आणि ‘हैदराबाद गॅझेट’ हे नाव चावडीपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं.

जातीच्या नोंदीसाठी एवढी धावपळ झाली. पडलेल्या घराच्या नोंदीसाठी कोणी एवढं धावल्याचं ऐकिवात नाही. या दप्तराकडे वळतात ते अभ्यासक. टेलर शर्मन यांनी पोलीस ॲक्शननंतरच्या हैदराबादेतल्या मुसलमानांवर २०१५ साली पुस्तक लिहिलं, त्यात या अभिलेखागाराचा आधार आहे. ते वाचताना एक प्रश्न मनात राहतो, आणि तो फक्त हैदराबादचा नाही. दंगलीत किंवा लढाईत परागंदा झालेलं कुटुंब परत यायचं म्हणतं तेव्हा त्याच्या पडक्या घराला पैसा कोण देतं? सरकार, नातेवाईक, धर्मादाय संस्था, परदेशी देणगीदार? आणि तो पैसा कोणती अट घेऊन येतो?

१९४८ हे साल मराठी मुलखात घरं सोडण्याचं साल होतं. तेही एकदा नव्हे, तीनदा.

पहिली लाट १९४७ च्या उत्तरार्धातच सुरू झाली होती. हैदराबाद संस्थान भारतात सामील व्हायला तयार नव्हतं, आणि लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी विरोधी गावांवर धाडी घालायला सुरुवात केली होती. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातलं गोरटा, ऑगस्टमध्ये तेलंगणातलं बैरानपल्ली ही हत्याकांडं त्या भागात अजून विसरलेली नाहीत. सरहद्दीलगतची कुटुंबं गाडीत धान्य आणि भांडी टाकून वऱ्हाडात, सोलापूर-बार्शीकडे निघाली. उमरखेडसारख्या ठिकाणी हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. दुसरा प्रकार त्याच वर्षी सरहद्दीच्या अलीकडे घडला. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या गावोगावी ब्राह्मणांचे वाडे पेटवले गेले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्याच दिवसांवर आहे. घर उभारायला सरकारनं ‘जळित कर्ज’ दिलं. तरी कित्येक कुटुंबांनी गावातली जागा तशीच सोडली आणि पुणं, कोल्हापूर, सांगली गाठली.

तिसरी लाट सर्वांत मोठी, आणि मराठीत तिच्यावर सर्वांत कमी लिहिलं गेलं. १३ सप्टेंबर १९४८ ला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. १८ तारखेला निजामाचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. जिल्ह्यांत रझाकारांचा धाक संपला आणि सूड सुरू झाला. सूड रझाकारांवर उगवला गेला असता तर निदान त्याचं कारण सांगता आलं असतं. मार बसला तो गावात राहणाऱ्या, बहुतांश निःशस्त्र मुसलमानांना. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचं सद्भावना मंडळ २९ नोव्हेंबरला हैदराबादला पोचलं आणि २१ डिसेंबरला दिल्लीला परतलं. १६ पैकी ९ जिल्हे, २१ गावं-शहरं, २३ खेडी त्यांनी पाहिली. न पाहिलेल्या १०९ खेड्यांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी ते बोलले. त्यांचा अंदाज असा की संस्थानभर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना लागली होती. लातुरात तर वीसहून अधिक दिवस कत्तल चालली होती, आणि तिथल्या दहा हजारांच्या आसपास मुसलमानांपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार गावात सापडले.

या अहवालात हत्यांच्या आकड्याखालोखाल महत्त्वाची एक नोंद आहे आणि ती सहसा कोणी वाचत नाही. लुटीच्या आणि जाळपोळीच्या बरोबरीनं घरं आणि जमिनी बळकावल्या गेल्याचं अहवाल सांगतो. नष्ट झालेल्या किंवा लुटल्या गेलेल्या मालमत्तेची किंमत तो कोट्यवधींत मोजतो. सैन्यातल्या आणि स्थानिक पोलिसांतल्या काहींनी लुटीत भाग घेतल्याचे पुरावेही तो देतो. त्याच अहवालात हेही आहे की हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सहव्यावसायिकांना जीव धोक्यात घालून वाचवलं, आणि पळवलेल्या बायका सोडवायला कित्येक हिंदूंनी मदत केली. अहवाल सरकारनं प्रसिद्ध केला नाही. दिल्लीतल्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो लोकांना वाचायला मिळू लागला २०१३ साली, म्हणजे ६५ वर्षांनी. ज्याच्या नुकसानीची मोजणीच दप्तरात बंद झाली, त्याच्या नावानं वर्गणी मागायची तरी कशाच्या आधारावर?

इथं क्षणभर घराकडेच पाहू. मराठवाड्याचं जुनं घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर किलचणाचा किंवा फळ्यांचा थर, वर पाला-चिपाडं आणि सगळ्यात वर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात हे घर गार राहतं. पण त्याला दर वर्षी माणूस लागतो. मृगाच्या आधी माळवदावर चढून उगवलेलं गवत काढायचं, भेगा बुजवायच्या, नवी पांढरी माती पसरून चोपायची आणि पन्हळी मोकळ्या करायच्या. एक पावसाळा कोणी चढलं नाही तर पाणी आत मुरतं, कड्या कुजू लागतात. दोन पावसाळ्यांत छत पोटात येतं. ते पडलं की भिंतीवर थेट पाऊस लागतो आणि दगडांमधली माती वाहून जाते. सप्टेंबरअखेर पळालेलं कुटुंब पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परतलं नाही, तर घर कोणी न पेटवताही पडतं.

पडझडीला माणसाचा हातही लागतो. सागवानी तुळई आणि घडीव चौकट ही खेड्यात पैशासारखी चालणारी वस्तू आहे. रिकाम्या घराचं दार आधी जातं, मग खिडक्या, मग मधले खांब. शेवटी उरते ती ढासळलेल्या भिंतींची मोकळी जागा. त्या जागेवर शेजाऱ्याची जनावरं बांधली जातात, मग गंजी रचली जाते, मग वहिवाट सांगितली जाते. गावठाणातल्या घरांची सातबाऱ्यासारखी ठोस नोंद तेव्हा नव्हती आणि बहुतेक गावांत अगदी परवापर्यंत नव्हती. ड्रोननं गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देणारी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली ती २०२० साली. तोपर्यंत गावातल्या घराचा खरा पुरावा म्हणजे त्यात राहणारा माणूस. माणूस गेला की पुरावाही गेला.

म्हणून परागंदा कुटुंबाच्या घरदुरुस्तीला दिलेला पैसा हा चुना-मातीपुरता पैसा नसतो. तो पैसा पावसाळ्याआधी पोचला तर हक्क वाचतो, आणि पावसाळ्यानंतर पोचला तर वादी-प्रतिवादी तयार होतात. १९४८ नंतर हैदराबाद शहरात आलेल्या जिल्ह्यांतल्या कुटुंबांवर वेळेचं हे ओझं होतंच. त्यात ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, नोकऱ्यांत कपात झाली, कारभारातून उर्दू मागे पडली. ज्या नातेवाइकानं एरवी कड्या-तुळयांचे पैसे दिले असते तोच हात आखडून बसला. १९५० चा निष्क्रांत मालमत्ता कायदा पाकिस्तानात गेलेल्यांच्या मिळकतींसाठी होता, पण गैरहजर मुसलमान मालकाच्या डोक्यावर त्याची टांगती तलवार होती. त्याच वर्षी हैदराबादचा कूळ कायदा आला. जमीन कसणाऱ्याची नोंद होऊ लागली. त्या वर्षांत गावात हजर कोण होतं याला मोल आलं.

देणगीचा ओघ मात्र दुसरीकडे जातो, आणि याला काही मोठं कारस्थान लागत नाही. दुरुस्तीला पाटी लावता येत नाही, एवढं साधं कारण पुष्कळ आहे. ‘अमुक ट्रस्टच्या सौजन्याने’ असा फलक नव्या वसाहतीच्या कमानीवर शोभतो. पडक्या घराची एक तुळई बदलली, दोन खण शाकारले, दाराला कडी-कोयंडा बसवला, यावर फलक कुठं ठोकणार? शिवाय शंभर नवी घरं एका जागी बांधणं हिशेबाला सोपं. एक कंत्राटदार, एक नकाशा, एक उद्घाटन. शंभर पडकी घरं चाळीस गावांत विखुरलेली असतात आणि प्रत्येकाचा प्रश्न निराळा असतो. एकाला छत हवं असतं. दुसऱ्याला शेजाऱ्यानं सरकवलेली भिंत मागे घ्यायची असते. तिसऱ्याला आत राहणाऱ्या माणसाला बाहेर काढायचं असतं, आणि हे काम गवंड्याचं नाही.

आपल्या कायद्यांनी ही जागा मोकळीच ठेवली आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ज्या संकटांना मदत मिळते त्या केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, गारपीट, दरड, टोळधाड, कडाक्याची थंडी आहे. दंगल नाही. दहशतवादी, जातीय आणि नक्षली हिंसेत बळी पडलेल्यांसाठी २००८ पासून केंद्राची स्वतंत्र योजना आहे. तिची रक्कम पुढे ३ लाखांवरून ५ लाखांवर गेली, पण ती मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. घरासाठी तिच्यात काही नाही. घराची भरपाई ठरते ती त्या त्या राज्य सरकारच्या त्या त्या वेळच्या आदेशानं. गुजरातेत २००२ च्या दंगलींनंतर ती जास्तीत जास्त ५० हजार रुपये होती. आगीच्या विम्यात दंगलीचं नुकसान धरलेलं असतं, २०२१ पासूनच्या प्रमाणित ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीतही आहे. पण माळवदाचा विमा काढणारं खेडं मी तरी पाहिलेलं नाही. उरते धर्मादाय मदत.

ही मदत कशी घसरते याचं सगळ्यांत नागडं उदाहरण सरकारी पैशातच सापडतं. सप्टेंबर २०१३ मध्ये मुझफ्फरनगर आणि शामली जिल्ह्यांत दंगली झाल्या. ऑक्टोबरअखेर उत्तर प्रदेश सरकारनं ९ गावांतल्या सुमारे १,८०० कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले, एकूण ९० कोटी. रक्कम तोपर्यंतच्या मानानं भरघोस होती. पण ती घेताना शपथपत्र द्यायचं होतं की आम्ही आपल्या गावी परतणार नाही आणि तिथल्या मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मागणार नाही. म्हणजे घर सावरायचे पैसे नव्हेतच हे, घर विसरायचे पैसे. ज्यांनी हाकललं त्यांचं काम सरकारनं स्टँपपेपरवर पुरं करून दिलं. लोकांनी पैसे घेतले, कारण डिसेंबरची थंडी समोर होती आणि तंबूत लहान मुलं होती. त्यांना दोष देणं कोणाच्याही तोंडी शोभणार नाही.

गुजरातेत शपथपत्र नव्हतं, तरी फळ जवळपास तेच आलं. निवारा छावण्या बंद झाल्या तेव्हा मुस्लिम मदत समित्यांनी आणि काही स्वयंसेवी संस्थांनी जमिनी घेऊन वसाहती बांधल्या. पैसा बराचसा समाजातूनच उभा राहिला होता, आणि त्या घाईत छप्पर दिलं हे मोठंच काम होतं. दहा वर्षांनी ‘जनविकास’ संस्थेनं पाहणी केली तेव्हा राज्यात अशा ऐंशीहून अधिक वसाहती होत्या, त्यांत सोळा हजारांच्या आसपास माणसं राहत होती, आणि बहुतेकांच्या हाती राहत्या घराची मालकी नव्हती. जमीन ट्रस्टची, घर ट्रस्टचं. अहमदाबादची ‘सिटिझन नगर’ ही वसाहत शहराच्या पिराना कचरा डेपोला लागून आहे. आधी तात्पुरतं म्हणून आलेलं कुटुंब कचऱ्याच्या डोंगराच्या धुरात कायमचं झालं.

इथं जकातीच्या नियमाचा एक बारकावा सांगण्याजोगा आहे. हनफी मतानुसार जकातीचा पैसा गरजू माणसाच्या मालकीत गेला पाहिजे, त्याशिवाय जकात पुरी होत नाही. याला तमलीक म्हणतात. सार्वजनिक इमारतीला जकात चालत नाही असं बहुतेक मुफ्ती सांगतात ते याच कारणानं. नीट पाहिलं तर हा जुना नियम आजच्या पुनर्वसनाच्या पुस्तकांपेक्षा शहाणा आहे. ट्रस्टच्या नावाच्या वसाहतीत राहणाऱ्याला छप्पर मिळतं, मालकी मिळत नाही. त्याच्या स्वतःच्या गावातल्या, स्वतःच्या नावाच्या भिंतीवर छत घालून दिलं तर दोन्ही हातात राहतं.

परागंदा कुटुंबांना मदत करायचं काम मराठी माणसांनी पूर्वी केलेलं आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये मलबारात मोपला उठाव झाला, खेड्यांतून पळालेली कुटुंबं कालिकतला आली. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातर्फे मदतकार्याची धुरा घ्यायला पुण्याहून गेले गोपाळ कृष्ण देवधर, रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याचं सेवासदन उभं करणारे तेच. अशा कामात बहुतेक जण भात वाटण्यापाशी थांबतात आणि छावणी उठली की परततात. देवधर थांबले. त्यांच्या नावाच्या मलबार पुनर्रचना ट्रस्टनं पुढे तिथं शाळा चालवल्या. तानूरची देवधर शाळा आजही चालू आहे. पुण्यातल्या किती जणांना ती माहीत आहे?

जगात या प्रश्नाचं उत्तर शोधायचे दोन मोठे प्रयोग युरोपात झाले, दोन्ही युगोस्लाव्हिया फुटल्यावर. कोसोवोत जून १९९९ मध्ये लढाई थांबली आणि साडेआठ लाखांच्या आसपास निर्वासित काही आठवड्यांतच घराकडे धावले. सव्वा लाखाच्या जवळपास घरांची मोडतोड झालेली, आणि चार महिन्यांवर बर्फ. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेनं आणि तिच्याबरोबरच्या संस्थांनी तेव्हा ठरवलं की अख्खं घर बांधायच्या मागे लागायचं नाही. प्रत्येक कुटुंबाला त्याच्याच घरात एक उबदार, कोरडी खोली द्यायची. घरांची नुकसानीप्रमाणे प्रतवारी केली. कमी मोडलेल्या घराला ताडपत्री, लाकूड, खिळे, खिडकीचं प्लास्टिक असा संच दिला आणि हात घरच्यांनीच चालवले. पूर्ण पडलेल्या घराच्या अंगणात तंबू किंवा शेजाऱ्याकडे सोय. हे फार देखणं काम नव्हतं, पण हिवाळ्यात कुटुंब आपल्या जागेवर होतं, आणि उरलेल्या भिंती पुढच्या उन्हाळ्यात त्यानं स्वतः बांधल्या. माळवदाच्या मुलखात याचा अर्थ सरळ आहे: पाच खणांच्या घरातले दोन खण मृगाआधी शाकारून द्या.

बोस्नियाचं काम लांबलं. तिथं १९९२ ते १९९५ च्या युद्धात निम्मा देश, बावीस लाख माणसं, घराबाहेर पडली होती आणि सोडलेल्या घरांत दुसरेच लोक राहत होते. १९९५ च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टात घरी परतण्याचा आणि मालमत्ता परत मिळवण्याचा हक्क लिहिला गेला. मग दोन लाखांहून अधिक दावे एकेक करून निकाली काढले, आत राहणाऱ्याला नोटीस देऊन बाहेर काढलं आणि चावी मालकाला दिली. देणगीदारांचा दुरुस्तीचा पैसा त्या चावीच्या मागोमाग गेला. २००४ पर्यंत दहा लाख माणसं परतल्याची नोंद झाली. यातल्या पुष्कळांनी घर ताब्यात घेतलं, दुरुस्त केलं आणि विकून टाकलं, कारण ज्या गावात आपण अल्पसंख्य झालो तिथं मुलांना वाढवायचं नव्हतं. काही देणगीदार यावर नाराज झाले. मला हे अपयश वाटत नाही. विकायचा हक्कही मालकालाच असतो. कचरा डेपोजवळ फुकट मिळालेल्या खोलीपेक्षा आपल्या घराचे योग्य पैसे घेऊन दुसरीकडे जाणं केव्हाही बरं.

आपल्याकडे एवढ्या मोठ्या प्रमाणावर घरदुरुस्तीचा अनुभव आहे, आणि तोही ज्या जिल्ह्यांची गोष्ट वर सांगितली त्याच जिल्ह्यांत. फक्त निमित्त भूकंपाचं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे आठ हजार माणसं मेली, बहुतेक त्याच जाड भिंती आणि जड मातीच्या छताखाली. देणगीदार देशभरातून आले, गावं दत्तक घेतली गेली, ५२ गावं नव्या जागी वसली. त्याच्याच बरोबर जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या सरकारी कार्यक्रमात तेरा जिल्ह्यांतली दोन लाखांच्या आसपास घरं होती तिथंच दुरुस्त करून मजबूत करायची होती. पैसा हप्त्यानं मिळे, काम पाहून. सामान घरमालकानंच आणायचं आणि गवंडीही त्यानंच लावायचा. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. त्या घरोघर जाऊन हप्ता अडला का, भिंतीत आडवे दगड बसले का हे पाहत. फोटो नव्या गावांचे छापून आले. जास्त घरं सावरली ती या दुरुस्तीत.

भूकंपाला जे जमलं ते दंगलीला का जमत नाही, याचं उत्तर स्थापत्यशास्त्रात नाही. भूकंपात शेजारी शेजाऱ्याचा ढिगारा उपसतो. दंगलीनंतर ढिगारा शेजाऱ्याच्याच ताब्यात असतो. म्हणून दंगलीच्या वर्गणीत चुना-सिमेंटइतकाच पैसा वकिलाला, मोजणीदाराला आणि गावात महिनोन् महिने मुक्काम ठोकणाऱ्या कार्यकर्त्याला ठेवावा लागतो, आणि नेमका हाच खर्च देणगीदाराच्या डोळ्यांत खुपतो. ‘प्रशासकीय खर्च किती?’ हा त्याचा पहिला प्रश्न. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली तेव्हा प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेनं परदेशी पैसा छोट्या संस्थेकडे वळवण्यावर बंदी आली. गावातला माणूस ओळखणारी संस्था सहसा छोटीच असते. तिच्याकडे असा पैसा आता वरच्या संस्थेमार्फत येऊच शकत नाही.

पुढच्या वेळी, मणिपूर असो की आणखी कुठलं गाव, घरं जळाल्यावर मदतपेटी तुमच्या दारात येईल. पैसे द्याच, पण घेणाऱ्या संस्थेला तीन गोष्टी विचारा. घर कुठं दुरुस्त होणार, मूळ गावी की नव्या वसाहतीत? नव्या वसाहतीत असेल तर कागद कोणाच्या नावावर होणार? आणि गावाकडच्या जागेवरचा त्या कुटुंबाचा दावा शाबूत ठेवायला संस्था काय करणार? देणगीच्या पावतीवर कारण लिहून घेता येतं, आणि विशिष्ट कारणासाठी घेतलेला पैसा संस्थेला त्याच कारणासाठी वापरावा लागतो. ‘मूळ गावातील घरदुरुस्ती व मालकी हक्काचे काम’ एवढे शब्द पावतीवर लिहून मागा.